घरी बनविलेला बिनतारी संच



टेबलावरचा हा पत्र्याचा डबा काय आहे, असे सकाळपासून अनेकांनी विचारले. हा बोलता-ऐकता येणारा रेडिओ आहे. 80, 40, 20, 15 आणि 10 मीटर अशा पाच पट्ट्यांवर तो चालतो आणि मी तो घरी बांधला आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला इतिहासाचा शिक्षक आहे, हे आपणांस ठाऊकच आहे.

काम हाती घेण्यापूर्वी घरात पहिला प्रश्न अम्मीने विचारला. ती म्हणाली, "वायरलेस? आपल्या घरात? उद्या कोणी विचारायला आले तर काय सांगशील?" आपल्यापैकी कित्येक पालकांच्या मनात हाच प्रश्न असेल, म्हणून मी त्यापासूनच सुरुवात करतो. तिची भीती मी हसण्यावारी नेली नाही. आधी परवाना काढीन आणि तो हाती आल्यावरच संच जोडीन, एवढे वचन तिला दिले.

हा परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. बारा वर्षे पूर्ण झालेला कोणीही भारतीय परीक्षेस बसू शकतो. विज्ञानाची पदवी लागत नाही. रेडिओचे मूलतत्त्व आणि नियम असे दोन भाग असतात. प्राथमिक श्रेणीला मोर्स लिपीची अट नाही. उत्तीर्ण झाल्यावर सरकार आपल्याला एक संकेतनाम देते आणि प्रत्येक संभाषणात ते उच्चारावे लागते. म्हणजे जो बोलतो तो स्वतःचा पत्ता सांगूनच बोलतो. अम्मीला हे फार पटले.

सरकार या बाबतीत एवढे काटेकोर का, याचे उत्तर इतिहासात सापडते. 1939 साली महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी लोकांचे परवाने रद्द केले. तरीही 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. प्रक्षेपक उभारण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचा हात होता. जागा बदलत बदलत त्यांनी तो चालविला आणि 12 नोव्हेंबरला पोलिसांनी पकडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांची लहर 42.34 मीटरची, म्हणजे सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ. मित्रांनो, आज ही जागा हौशी लोकांच्या 40 मीटर पट्टीत येते. त्या पट्टीवर बटण फिरविताना मला दर वेळी त्याची आठवण होते.

आता संचाकडे वळू. 2003 साली हैदराबादचे अशहर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाची रचना प्रसिद्ध केली. महागडे परदेशी भाग आपल्याकडे मिळत नाहीत, म्हणून त्यांनी बाजारात सहज सापडणाऱ्या वस्तू निवडल्या. एक वेटोळे तर नळाच्या वॉशरवर गुंडाळायचे! शक्ती सुमारे सहा वॅट, झीरोच्या बल्बापेक्षाही कमी. यातील गंमत अशी की, तेच अ‍ॅम्प्लिफायर आणि तीच स्फटिकांची गाळणी दोन्ही कामे करतात. एकेरी रेल्वेमार्गावर गाडी कधी इकडून तर कधी तिकडून जाते, तसे ऐकताना संदेश अँटेनाकडून येतो आणि बोलताना माइककडून अँटेनाकडे जातो. पुढे त्यांनी 3 ते 30 मेगाहर्ट्झ व्यापणारा 'मायक्रोबिटएक्स' आणला. माझा संच त्याच्याच वळणाचा आहे.

एका पट्टीचा संच सोपा. अनेक पट्ट्यांत खरी कसोटी लागते. आपण 7 मेगाहर्ट्झवर बोललो, तर थोडी शक्ती 14 वर आणि 21 वरही निसटते आणि दुसऱ्याच्या कामात व्यत्यय येतो. म्हणून पट्टीनुसार वेगळी गाळणी रिलेने जोडावी लागते. या गाळण्यांनी मला पाच रात्री जागविले. कडीच्या भोकातून तार एकदा गेली की एक वेढा मोजायचा असतो. मी बाहेरून दिसणारे वेढे मोजत बसलो आणि सगळीकडे हिशेब चुकला. इतिहासवाल्याला मोजणी येत नाही, असे आमचे गणिताचे सर अजून म्हणतात. सर्व वेटोळी उलगडून पुन्हा गुंडाळली. चाचणीही थेट अँटेनावर न करता 50 ओहमच्या रोधकावर केली.

अँटेना म्हणजे केवळ तांब्याची तार. 40 मीटर पट्टीसाठी दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. एक टोक गच्चीवर आणि दुसरे कडुनिंबाला बांधले. पहिल्या दिवशी जवळच्या राईस मिलच्या मोटारींची घरघर तेवढी ऐकू आली. रविवारी मिल बंद होती. सकाळी नऊच्या सुमारास माझी हाक हैदराबादच्या एका गृहस्थांनी उचलली. गोंदियापासून सुमारे 500 किलोमीटर, मध्ये ना तार ना टॉवर! त्यांनी माझे संकेतनाम परत उच्चारले, तेव्हा दारात उभ्या अम्मीने विचारले, "त्यांना आपले नाव कसे कळले?" मी भिंतीवरच्या परवान्याकडे बोट दाखविले.

पालकांना माझी विनंती एवढीच की, मुलाने जुना रेडिओ उघडला तर रागावू नका. मात्र विजेच्या जोडणीवर लक्ष ठेवा. परवान्याआधी प्रक्षेपक बांधू देऊ नका. तोवर बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवायला हरकत नाही. नववी-दहावीच्या मुला-मुलींसाठी दर रविवारी दहा वाजता मी शाळेच्या प्रयोगशाळेत बसणार आहे. सोल्डरिंगची इस्त्री माझ्याकडे आहे. येताना वही आणि जमल्यास एखादा बिघडलेला रेडिओ आणावा.