अंतराळातील पाहुण्याचे स्वागत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ढोकी येथे दिलेले भाषण)



परग्रहावरील जीवसृष्टीशी मानवाची पहिली भेट झाली तर आपण कसे वागावे, हा विषय एका कापड व्यापाऱ्याने मांडावा याचे काहींना नवल वाटेल. वाणिज्य शाखेच्या पदवीला खगोलशास्त्र नसते, हे मला मान्य आहे. परंतु अनोळखी माल दारात आला असता तो कोठून आला, वाटेत त्याला कोणाचे हात लागले, हे पाहिल्यावाचून त्याची नोंद करू नये, एवढे आमचा धंदा निश्चित शिकवितो. या विषयातील निम्मा प्रश्न तोच आहे.

चित्रपटांतील परग्रहवासी तबकडीतून उतरतात. प्रत्यक्षात पहिली भेट डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूशी होण्याचा संभव मला अधिक वाटतो. अशी भेट झाली की काय, हा प्रश्न एका मराठी शास्त्रज्ञापुढे खरोखरच उभा राहिला होता. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि २०२५ मध्ये पुण्यात दिवंगत झालेल्या डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक प्रचंड फुगा आकाशात सोडण्यात आला. असाच प्रयोग २००१ मध्येही झाला होता. फुग्याखाली निर्जंतुक केलेल्या, आतील हवा काढून घेतलेल्या सोळा पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरील हवा त्यांत भरून घेण्यात आली आणि नळ्या हवाई छत्रीने खाली आल्या. आपल्या घरी पाणी गाळण्याचे वस्त्र असते. त्याची वीण कितीही दाट असली तरी असले जंतू तिच्यातून सहज निसटतील. म्हणून ही हवा अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळावी लागली.

तपासणी एकाच ठिकाणी झाली नाही, हे मला विशेष वाटते. हैदराबाद आणि पुणे येथील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी सारख्याच पद्धतीने नमुने तपासले. जिवाणूंच्या बारा व बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. त्यांपैकी तीन जिवाणू विज्ञानाला अगदी नवे होते आणि अतिनील किरणांना आपल्या पृथ्वीवरील भाईबंदांपेक्षा अधिक दाद न देणारे होते. एकाला आर्यभटाचे, दुसऱ्याला इस्रोचे, तर तिसऱ्याला फ्रेड हॉयल यांचे नाव देण्यात आले. पाहुणा आला, असे जाहीर करण्याचा मोह अशा वेळी कोणाला होणार नाही? तथापि मार्च २००९ मध्ये इस्रोने स्पष्ट सांगितले की, हे जंतू पृथ्वीबाहेरचे आहेत असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटाच्या नावाचा जिवाणू साध्या मातीतही सापडला. घाईने गुलाल उधळला असता तर काय शोभा झाली असती!

सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने मंगळावरील एका खडकाच्या नमुन्याविषयी हीच भाषा वापरली: प्राचीन जीवाच्या खुणा असणे शक्य आहे, सिद्ध झालेले नाही.

दुसरी बाजू आपल्या हातांची. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार अन्य ग्रहगोलांना अपायकारक रीतीने दूषित करावयाचे नाही आणि तेथील पदार्थाने पृथ्वीलाही बाधा पोहोचू द्यावयाची नाही. भारत या कराराचा सदस्य आहे. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना एकवीस दिवस विलग ठेवले खरे. पण त्यांच्या यानाचे दार तत्पूर्वी भर समुद्रात उघडलेच होते. मंगळावर एखादा सूक्ष्म जीव असेलच, तर त्याला आपल्या जंतूंनी मारू नये, हे या सभेला निराळे समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही.

आता जंतूऐवजी संदेशच आला तर? १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना आकाशातून घड्याळासारखे नियमित स्पंद मिळाले. गमतीने त्यांना 'हिरवी बुटकी माणसे' असे नाव पडले. निघाला तो स्पंदनशील तारा. प्रथम खात्री, मग सर्व जगाला बातमी आणि आंतरराष्ट्रीय विचारविनिमयावाचून उत्तर नाही, असे संकेत शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये लिहून काढले. मात्र तो कायदा नव्हे. कोणतेही सरकार त्याने बांधलेले नाही. बातमीची मला अधिक धास्ती वाटते. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब पडणार म्हणून गावोगाव घबराट उडाली होती. मरायचेच आहे तर उधारी कशाला फेडायची, असे आमच्या दुकानात येऊन सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत. स्कायलॅब ऑस्ट्रेलियात कोसळली. उधारी वसूल व्हायला दिवाळी उजाडली.

उत्तर कोणी द्यावे, हा प्रश्न मात्र मोकळाच आहे. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत. मराठीतून पृथ्वीवासीयांच्या शुभेच्छा दिल्या आहेत, तर गुजरातीतून 'संपर्क साधा' अशी विनंतीही केली आहे. (आमच्या व्यापारी बांधवांनी पत्ता तेवढा मागितला नाही!) त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. काय पाठवावे, हे अमेरिकेतील मोजक्या मंडळींनी ठरविले. त्यांनी निवड चांगली केली, हे आपले भाग्य. पुढच्या वेळी या सभेतील कोणा मुलाने वा मुलीने त्या बैठकीत बसावे, अशी माझी इच्छा आहे.

 जय जिनेंद्र.