चेक लिहिण्याआधी वाचावा

(गणेशोत्सवातील भाषण)



मी रेल्वेचा माणूस. वॅगनवरचा ११ आकडी नंबर पाहिला की तिचा प्रकार, मालक रेल्वे आणि बांधणीचे साल कळते. चेकच्या तळाची पांढरी पट्टीही तशीच वाचता येते. आधी ६ आकडी चेक नंबर, मग ९ आकडी एमआयसीआर कोड. त्यातले पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबई ४००, नागपूर ४४०, म्हणजे पिनकोडचीच सुरुवात. ही पट्टी यंत्र वाचते, म्हणून सही तिच्यावर उतरू देऊ नये.

तारखेपासून चेक तीनच महिने चालतो. १ एप्रिल २०१२ पूर्वी सहा महिने चालायचा, म्हणून जुनी मंडळी अजून सहाच म्हणतात. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढून ‘अकाउंट पेयी’ लिहिले, की पैसे त्या नावाच्या खात्यातच जातात. रेघा नाहीत आणि नावापुढचे ‘या धारक को’ खोडलेले नाही, तर ज्याच्या हाती चेक तो रोकड घेऊन जाईल.

आता सही. रिटायरमेंटला आलेल्यांनी इकडे लक्ष द्यावे. भिडेखातर कोणाच्या कर्जासाठी ‘सिक्युरिटी’ म्हणून कोऱ्या चेकवर सही दिली जाते. “रक्कम मी लिहिलीच नव्हती” हा बचाव पुरत नाही. स्वखुशीने दिलेल्या अशा चेकमागे देणे आहे असेच कायदा गृहीत धरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. देणे नव्हते हे सही करणाऱ्यानेच दाखवायचे. कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक परत गेल्यावर नोटीस येते, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. ती न घेता परत पाठवणे हा शुद्ध वेडेपणा.

सहीविना चालणारा चेकही असतो. म्युच्युअल फंडवाले खात्याचा पुरावा म्हणून आडवे ‘कॅन्सल्ड’ लिहिलेला चेक मागतात, तो. कॅनडातल्या आपल्या मुलांना पगार खात्यात जमा होण्यासाठी ‘व्हॉइड’ लिहिलेला असाच चेक द्यावा लागतो. तिकडे शाखेचा नंबर ५ आकडी, बँकेचा ३ आकडी, पुढे खाते नंबर. सही तिथेही लागत नाही.