वर्तुळाच्या तोंडाशीं

माझें सारें आयुष्य मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेलें. वेग, काळ आणि अंतर या प्रकरणांतलीं उदाहरणें मीं फळ्यावर किती वेळां घातलीं असतील त्याला गणती नाहीं. अमुक गाडी तासाला इतके किलोमीटर जाते, तर तिला तमुक गांवीं पोंचावयास किती वेळ लागेल? उत्तर वहींत उतरलें कीं उदाहरण संपलें. त्या गाडीला वेळेवर थांबतां येईल काय, हा प्रश्न मात्र कोणत्याही क्रमिक पुस्तकांत मला आढळला नाहीं, आणि तो विचारावा असें मलाही कधीं सुचलें नाहीं. सुचलें तें सेवानिवृत्तीनंतर, आणि तेंही माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें.

आमच्या गांवाबाहेर महामार्गाचा फांटा गांवरस्त्याला मिळतो तेथें एक सर्कल आहे. मध्यें दगडी कठडा, कठड्यांत चार झाडें. कांहीं वर्षांपूर्वीं हा मुलगा (मुलगा कसला, दोन लेकरांचा बाप!) रात्रीं मोटारसायकलवरून परगांवाहून परत येत असतां त्या कठड्यावर आदळला. पाय मोडला, तीन महिने अंथरुणावर काढावे लागले. मी समाचाराला गेलों. शिक्षकाची खोड कोठें जाते? मीं म्हटलें, "अरे, तेथें तरी वेग कमी करावयाचा!" तो म्हणाला, "सर, केला होता हो. शपथेवर सांगतों, अगदीं हळू येत होतों." अपघातांत सांपडलेला प्रत्येक मनुष्य असेंच म्हणतो, असें मीं मनांत म्हटलें आणि चहा घेऊन घरीं आलों. परंतु शाळेच्या पांच वर्षांत हा मुलगा माझ्याशीं एकदांही खोटें बोलला नव्हता. ती गोष्ट मनाला टोंचत राहिली. पुढें या विषयावर जें मिळेल तें वाचीत गेलों, तेव्हां कळलें कीं तो खरेंच बोलत होता. फसविलें होतें तें त्याच्या डोळ्यांनीं.

आपण आगगाडींतून बराच वेळ बाहेर पाहत बसलों आणि गाडी स्टेशनांत थांबली, तर क्षणभर फलाटच उलट दिशेला सरकत आहे असा भास होतो. हा अनुभव कोणाला नाहीं? डोळ्यांना गतीची सवय होते, आणि सवय झालेली गति त्यांना गतीच वाटत नाहीं. तासाला ८० किलोमीटरनें मोकळ्या रस्त्यावर तासभर आलेल्या मनुष्यानें वेग ५० वर आणला, कीं त्याला आपण रांगत आहों असें वाटतें. घरांतून नुकत्याच निघालेल्या मनुष्याला तोच ५० चा वेग पुष्कळ वाटला असता. म्हणजे लांबचा प्रवास करून वर्तुळाशीं येणारा चालक प्रामाणिकपणें वेग कमी करतो, पण पुरेसा करीत नाहीं. आणि आपण पुरेसा केला याविषयीं त्याला तिळमात्र शंका नसते.

या दृष्टिभ्रमावर दृष्टिभ्रमाचाच उतारा शोधण्याचा प्रयत्न ब्रिटनमध्यें झाला. स्कॉटलंडमध्यें एडिंबरोच्या पश्चिमेस न्यूब्रिज येथें एम-८ हा द्रुतगति मार्ग एका मोठ्या वर्तुळाला येऊन मिळत असे. डेंटन नांवाच्या संशोधकानें तेथें रस्त्यावर आडवे पट्टे रंगविले. प्रारंभीं दोन पट्ट्यांत अंतर अधिक, आणि वर्तुळ जवळ येईल तसतसें तें कमी कमी. चालकानें वेग तोच ठेवला तर पट्टे अधिकाधिक भराभर चाकांखालून जाऊं लागतात. त्याला वाटतें, आपला वेग वाढत आहे. आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. १९७३ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. वेग खरोखरच उतरला होता. पुढें असे पिवळे पट्टे ब्रिटनमध्यें अनेक वर्तुळांच्या तोंडाशीं घालण्यांत आले, आणि १९८१ च्या पाहणींत, अतिवेगामुळें होणारे अपघात अशा ठिकाणीं निम्म्याहून अधिक घटल्याचें आढळलें. ना पोलिस, ना दंड, ना दगडविटा, नुसता रंग!

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. पुढच्या संशोधकांनीं, विशेषतः ऑस्ट्रेलियांत, अशी शंका काढली कीं पट्ट्यांतील अंतर सारखें ठेवलें तरीही परिणाम जवळजवळ तोच होतो. मग चालक भासानें फसतो, कीं "पुढें कांहीं तरी आहे" या इशाऱ्यानें जागा होतो? पंडितांनीं वाद घालावा. मला तर जागा झाला एवढेंच पुरे आहे.

आतां माझ्या फळ्यावरचें एक उदाहरण. तासाला ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असें धरूं; तेवढ्यांत १० मीटर गेले. नंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर बेताच्या जोरानें ब्रेक दाबला तर थांबावयास आणखी सुमारे १० मीटर लागतात. एकूण २०. आतां वेग दुप्पट करा, म्हणजे ७२. पहिल्या सेकंदांत २० मीटर जातात, परंतु ब्रेकचें अंतर दुप्पट न होतां चौपट होतें, म्हणजे ४०. एकूण ६०. वेग दुप्पट आणि अंतर तिप्पट! हें उदाहरण मीं वर्गांत एकदां जरी घातलें असतें, तर, असो.

वास्तविक वर्तुळ ही फार शहाणी योजना आहे. चार रस्त्यांच्या साध्या चौकांत वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणीं भेटतात वा छेदतात. वर्तुळांत अशीं ठिकाणें ८ च उरतात, आणि समोरासमोरची टक्कर जवळजवळ नाहींशीच होते. पॅरिसच्या एत्वाल चौकांत १९०७ सालीं एकाच दिशेनें फिरण्याचा नियम आला. परंतु आंत शिरणाऱ्यानें थांबावें कीं आंत असलेल्यानें, हें पुष्कळ वर्षें नीट ठरलें नव्हतें, आणि गर्दीच्या वेळीं वर्तुळ जागच्या जागीं घट्ट होऊन बसे. ब्रिटननें १९६६ सालीं नियम केला: आंत असलेल्याचा मान पहिला. आपल्याकडेही वाहनें डाव्या बाजूनें चालतात, म्हणून आपल्याला उजवीकडून येणाऱ्याकरितां थांबावें लागतें. हा नियम पाळावयाचा तर तोंडाशीं पोंचतांना वेग थांबण्याजोगा असला पाहिजे. नाहीं तर तो नियम कागदावरच राहतो, आणि आमच्या गांवीं तो कागदावरच आहे.

खरा उपाय रस्त्याच्या आकारांतच असतो. वर्तुळाशीं येणारा रस्ता दुभाजकाच्या छोट्या बेटानें किंचित् डावीकडे वळवावा, मधलें बेट पुरेसें मोठें आणि बरोबर मध्यावर असावें, म्हणजे कोणालाही सरळ रेषेंत निसटतां येत नाहीं; वळावें लागतें, आणि वळावयाचें तर हळू यावें लागतें. आमच्या सर्कलचा कठडा एका बाजूला सरकलेला आहे. गांवांतून बाहेर जाणाऱ्याला तो आड येतच नाहीं, आणि बाहेरून येणाऱ्याच्या तो अगदीं नाकासमोर येतो. हें मीं एका सकाळीं पावलांनीं मोजून पाहिलें. पानवाला हंसत होता.

मीं अर्ज केला. उत्तर आलें नाहीं, पण एका रात्रींत गतिरोधक मात्र आला. हातभर रुंद आणि वीतभर उंच असा तो डांबराचा बांधच होता. इंडियन रोड्स काँग्रेसनें १९८८ सालींच याचें माप सांगून ठेवलें आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे तासाला २५ किलोमीटरनें जाणाऱ्याला धक्का न बसतां तो ओलांडतां यावा. वर काळेपांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनेचा फलक हवा. आमच्या बांधावर पट्टा नाहीं, फलक नाहीं, आणि शेजारचा दिवा बंद. पहिल्याच आठवड्यांत पहांटे दुधाचे कॅन घेऊन जाणारा एक स्कूटरवाला तेथें पडला. दूध उतारानें वाहत थेट कठड्यापर्यंत गेलें. हनुवटीला टांके पडले, तो थोडक्यांत वांचला. त्याचा तर वेगही फारसा नव्हता. मीं अर्ज केला नसता तर बरें झालें असतें काय, असें त्या दिवशीं वाटून गेलें. दुसरा अर्ज मात्र मीं केला. त्यांत बांध काढून योग्य मापाचा करावा, त्याच्या अलीकडे आडवे पट्टे रंगवावेत, आणि दिवा लावावा अशी विनंती केली. दिवा लागला आहे.

माझा तो विद्यार्थी आतां किंचित् लंगडतो, पण गाडी चालवितो. परवां भेटला तेव्हां सांगत होता, महामार्ग सोडला कीं तो रस्त्याकडे पाहून वेगाचा अंदाज करीत नाहीं, सरळ वेगदर्शक काट्याकडे पाहतो. म्हणाला, "सर, काटा चाळिसावर असतो, आणि मला वाटत असतें कीं गाडी उभीच आहे."