तेलाचा थेंब का पसरतो?

परातीत पाणी घ्या… वर चिमूटभर हळद भुरभुरा… मध्ये शेंगदाणा तेलाचा थेंब टेकवा. हळद झरकन कडेला सरकते. तेल हलकं, म्हणून पसरतं, असं आपण म्हणतो. पण हलकेपणानं तेल तरंगतं… पसरतं ते रेणूच्या घडणीमुळे. शेंगदाणा तेलाच्या रेणूला पाणी आवडणारं डोकं असतं… आणि पाणी टाळणाऱ्या लांब शेपट्या. डोकं पाण्याला धरतं… शेपट्या हवेकडे वळतात. शुद्ध खनिज तेलाला असं डोकंच नाही. त्याचा थेंब जागीच राहतो. मग भिवंडीत, यंत्रमागाच्या शेडबाहेर, डबक्यावर रंगीत तवंग कसा दिसतो? शंका रास्त आहे. वंगणात रसायनं मिसळलेली असतात… वापरलेलं तेल हवेनं बदलतं… आणि पाण्याला धरणारी डोकी तिथं तयार मिळतात.

आता शेपटीकडे वळू. स्टिअरिक आणि ओलेइक ही तेला-तुपातली दोन आम्लं. स्टिअरिक आम्लाची शेपटी सरळ… पाण्यावर त्याचे रेणू काडेपेटीतल्या काड्यांसारखे दाटीनं उभे राहतात. त्यांचा थर घट्ट. ओलेइक आम्लाची शेपटी मध्येच वाकलेली… म्हणून थर सैल, वाहता. म्हणजे पुन्हा तेच… थराचा स्वभाव रेणूची घडण ठरवते. जर्मनीच्या अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांनी असे थर घरच्या स्वयंपाकघरात, पत्र्याच्या साध्या तबकात अभ्यासले. या प्रयोगांबद्दलचं त्यांचं पत्र १८९१ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं.