कोठीची वही

(लोणावळ्यातील एका वसंत व्याख्यानमालेत झालेलं व्याख्यान. जाहीर झालेला विषय : ‘महाविद्यालयीन युवक : नेतृत्व आणि समाजसेवा’.)



आज शनिवार. शनिवारी संध्याकाळी लोणावळेकर घराबाहेर पडत नाही, रस्ता पाहुण्यांना सोडून देतो, हे मला ठाऊक आहे. तरी तुम्ही आलात. म्हणजे एकतर तुमचं विषयावर प्रेम आहे, नाहीतर पाहुणे तुमच्या घरीच उतरलेत. (हशा)

पत्रिकेवरचा विषय संयोजकांनी दिला. भारदस्त आहे, मी लगेच हो म्हटलं. पण माझी एक खोड आधीच सांगून ठेवतो. मी वाणिज्य शाखेचा मास्तर. आयुष्यभर जमा-नावे शिकवलं आणि त्यातली बारा वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. अशा माणसाला सगळीकडे वहीच दिसते. तेव्हा नेतृत्वाबद्दल माझं म्हणणं एका वाक्याचं आहे, बाकी पाल्हाळ. शिबिराच्या कोठीची किल्ली आणि वही ज्या पोराच्या हातात द्याल, ते पोरगं पुढारपण शिकतं. ज्याच्या हातात माइक द्याल, ते माइक धरायला शिकतं.

अध्यक्ष हसताहेत. त्यांच्या हातात आत्तापर्यंत माइक होता. (हशा)

सेवा योजनेचा इतिहास तुम्हाला मी काय सांगायचा? २४ सप्टेंबर १९६९, गांधी जन्मशताब्दीचं वर्ष, सदतीस विद्यापीठं, चाळीस हजार विद्यार्थी. बिल्ल्यावर कोणार्कचं चक्र, आठ आरे, आठ प्रहर. वर्षाला १२० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. समोरच्या निम्म्या लोकांनी हे केलंय, उरलेल्यांनी प्रमाणपत्र मिळवलंय. पुढे जाऊ.

एक मात्र सांगितलंच पाहिजे. त्याच्या दहा वर्षं आधी, १९५९ मध्ये, केंद्र सरकारने याच कामासाठी एक समिती नेमली होती. अध्यक्ष आपले चिंतामणराव देशमुख. समितीने सुचवलं की मॅट्रिक झालेल्या मुलामुलींनी कॉलेजात जाण्याआधी नऊ महिने ते वर्षभर सक्तीने राष्ट्रसेवा करावी. खर्च फार आणि अंमल अवघड, म्हणून ते बारगळलं. पण माणूस कोण निवडला होता बघा. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, देशाचा माजी अर्थमंत्री. पोरांना सेवेला कसं लावायचं, हे विचारायला सरकार हिशेबनीसाकडे गेलं होतं! माझी बाजू तिथेच अर्धी सिद्ध होते.

उरलेली अर्धी इथून लोकलने पाचव्या स्टेशनावर आहे. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव आणि तळेगाव. पैसा फंड तुम्हाला माहीत आहे. अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना, माणशी वर्षाला एक पैसा. टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावात काच कारखाना उभा राहिला. त्याच तळेगावात विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. राष्ट्रीय शिक्षणाचं, म्हणून सरकारने १९१० मध्ये बंद पाडलं. तो वेगळा विषय आहे, मोह आवरतो. माझा प्रश्न साधा आहे. टिळकांची भाषणं आपल्याला आठवतात, कारखाना आठवतो. एकेक पैशाची नोंद कोणी केली? एक पैसा वहीत चढवायला तेवढीच ओळ लागते, जेवढी हजार रुपये चढवायला लागते. शंभर ओळी लिहाव्यात तेव्हा कुठे दीड रुपया आणि वर चार पैसे होतात. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होते, हे तरुण मंडळींसाठी सांगतो.

आता एक लहानसा किस्सा सांगतो. दोन मिनिटांचा आहे.

अंदर मावळातलं एक गाव. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. डिसेंबर महिना. पन्नास पोरं, टेम्पोभर सामान, मुली शाळेत, मुलं देवळाच्या सभामंडपात. काम होतं ओढ्यावर वनराई बंधारा बांधायचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडं शिवायची, ओढ्यात आडव्या रचायच्या. मोहन धारियांच्या ‘वनराई’मुळे हे नाव घरोघर गेलं. मावळात पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि होळीच्या आत बायका हंडे घेऊन निघतात, म्हणून हा बंधारा.

शिबिराचा विद्यार्थी प्रतिनिधी मी निवडला होता. वक्तृत्वाच्या तीन ढाली मिळवलेला मुलगा. बोलायला लागला की समोरचा फावडं खाली ठेवून ऐकायचा. काम थांबायचं, पण ऐकायचा. (हशा) आणि दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला मी कोठी दिली. का, तर गोण्या उचलायच्या रांगेत ती मागे पडायची. इतकंच कारण. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती.

शाळेत पोषण आहाराची खोली असते, तीच आमची कोठी. मुलीने दोनशे पानी वही घेतली, तीन रकाने पाडले : आले, गेले, उरले. पहिल्याच रात्री घोटाळा. सरपंचांनी प्रेमाने इंद्रायणी तांदळाचं पोतं पाठवलं. इंद्रायणी आपल्या वडगावच्या संशोधन केंद्रातली, १९८७ ची. तिच्याबद्दल मावळात वाकडं बोललेलं खपत नाही. पण पन्नास जणांचा भात एका पातेल्यात, शिजवणार कॉमर्सची पोरं. जे झालं ते भिंतीला गिलावा म्हणून चाललं असतं. (हशा) सकाळी ही मुलगी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आजींकडे गेली. आजी म्हणाल्या, ‘‘नवा तांदूळ हाय बाई, त्याला पाणी कमी लागतं.’’ वहीत नोंद आहे : ‘नवा तांदूळ, पाणी कमी.’ माझ्या बारा वर्षांच्या अहवालांत इतकं उपयोगाचं वाक्य एकही नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘सर, साखर जुळत नाही.’’ मी म्हटलं, मुंग्या लागल्या असतील. तिने माझ्याकडे बघितलं. वाद घातला नाही. संध्याकाळी कोठीच्या दारावर खडूने लिहिलं : ‘साखर. काल रात्री ९ वाजता साडेसात किलो. आज सकाळी ६ वाजता सहा किलो.’ खाली नाव नाही, आरोप नाही. त्या रात्रीपासून देवळामागचा मध्यरात्रीचा चहा बंद झाला. तो चहा कोण पीत होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि त्यातला एक आज या सभागृहात आहे. (हशा) मागे बघू नका.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) हो, दोन मिनिटं झाली. पण मुख्य गोष्ट अजून यायचीच आहे.

शिबिरात रीत असते, गावाने घरटी दोन भाकऱ्या द्यायच्या. पोरं सकाळी टोपली घेऊन फिरतात. कोणत्या घरून किती आल्या, हे ती लिहायची, म्हणजे समारोपाला कोणाला जेवायला बोलवायचं राहू नये. चौथ्या रात्री ती वही घेऊन आली.

‘‘सर, गावात घरं किती?’’

‘‘बासष्ट.’’ सर्वेक्षणाचा तक्ता मीच सही करून पाठवला होता.

‘‘वहीत बावन्नच आहेत.’’

म्हटलं, कुलपं असतील. म्हणाली, ‘‘दहाच्या दहा घरं ओढ्यापलीकडची आहेत. कातकरी वस्ती. सहांना कुलपं आहेत, माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली. चार घरं उघडी आहेत. तिथे आपलं कोणी गेलंच नाही.’’

मी म्हटलं, अगं, त्यांच्याकडे कुठे भाकरी मागायची, गरीब माणसं. हे वाक्य मी अगदी दयाळूपणाने बोललो होतो. मंडळी, मी चौथ्या वर्षी त्या गावात शिबिर घेत होतो. चार वर्षांत मी तो ओढा ओलांडला नव्हता.

सकाळी ती टोपली घेऊन पलीकडे गेली. एका म्हातारीने तांदळाच्या दोन भाकऱ्या दिल्या आणि विचारलं, ‘‘भाकरी देतू, पण तुमी पानी आडवल्यावर आमी यायाचं कुठनं?’’

ओढ्यात पाय ठेवायला दगड होते. रेशनला, दवाखान्याला, बसला त्या वस्तीची तेवढीच वाट. आमचा बंधारा त्या दगडांच्या खालच्या अंगाला होता. पाणी तुंबलं की दगड बुडणार. जागा मी, सरपंच आणि तीन ढालीवाला, अशा तिघांनी मिळून ठरवली होती. फोटोला छान होती.

बंधारा दगडांच्या वरच्या अंगाला न्यायचा, म्हणजे रचलेल्या गोण्या उपसून पुन्हा रचायच्या. समारोपाला दीड दिवस. पोरं चिडली. हातांना फोड आलेले. ही मुलगी पुढे आली, वही उघडली आणि वाचायला लागली. गोण्या दोनशे दहा. काल दिवसभरात शंभर रचल्या. उद्या सकाळी सहाला सुरू केलं, नाश्ता कामावरच दिला, बौद्धिक सत्र रद्द केलं, तर परवा दुपारी संपतं. पोहे पुरतील, गूळ पुरेल. बसली खाली.

आता यापुढचं मी एरवी सांगत नाही, कारण ते माझ्या सिद्धांताला अडचणीचं आहे. तिच्या वाचनाने कोणी उठलं नाही. उठला तो ढालीवाला. पहिली गोणी त्याने खांद्यावर घेतली आणि अशी काही आरोळी दिली की सगळी रांग उठली. तेव्हा आवाजही लागतो, कबूल करतो. पण कुठे आरोळी द्यायची हे त्याला वहीने सांगितलं, एवढं मला म्हणू द्या.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे, वाचतो. ‘म्हणजे तुमच्या मते पुढारी म्हणजे कारकून काय?’ सही नाही. वाणिज्य शाखेचा दिसत नाही. (हशा)

अहो, १९०१ साली कलकत्त्याला काँग्रेस भरली. दक्षिण आफ्रिकेहून आलेला एक बत्तीस वर्षांचा बॅरिस्टर कचेरीत जाऊन म्हणाला, काही काम द्या. कचेरीतल्या घोषालबाबूंनी पत्रांचा ढीग पुढे केला. याने तो निपटला. घोषालबाबूंच्या सदऱ्याची बटणंसुद्धा लावून दिली. आणि प्रतिनिधींच्या मुक्कामात संडासांची घाण पाहून हातात झाडू घेतला. ज्याच्या शताब्दीला आपली सेवा योजना निघाली, तो माणूस काँग्रेसमध्ये कारकून म्हणूनच शिरला. चिठ्ठीवाल्यांना उत्तर मिळालं असेल तर पुढे जातो. आवाज चढला असेल तर माफ करा.

(अध्यक्षांकडून दुसरी चिठ्ठी.) पाच मिनिटं. मुद्दे अजून तीन होते. गडांवर टाकी उपसणारी पोरं, लोहगड जागतिक वारसा यादीत गेल्यावर त्यांच्यावर आलेली जबाबदारी, हे सगळं सोडतो. एकच घेतो, कारण तो तुमच्या दारातला आहे.

३० जून २०२४, भुशी धरणामागचा धबधबा. एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५, कुंडमळा, इंद्रायणीवरचा पूल कोसळला. दोन्ही वेळा धावून गेलेल्यांत ‘शिवदुर्ग मित्र’ची पोरं होती. तुमच्याच आळीतली, पगार न घेणारी. टीव्हीवर दोर दिसतो, कातळ दिसतो. पण दोर टाकण्याआधी विचारावं लागतं, किती जण होते? कुंडमळ्याला पुलावर किती माणसं होती, याचे बराच वेळ अंदाजच येत राहिले. आकडा माहीत नसेल तर शोध थांबवायचा कधी? धुक्यात कोणीतरी काठावर उभं राहून वर किती गेले, खाली किती आले, हे मोजत राहतं. त्याचा फोटो येत नाही. कॉलेजच्या पोरांना तिथे पाठवा म्हणालात, तर आधी या जागेवर उभं करा. दोराचं शिक्षण पुढे होईल.

ती मुलगी कुठे आहे, असं विचाराल. बरी आहे, नोकरी करते. नाव सांगितलेलं तिला आवडणार नाही. वही मात्र माझ्याकडे आहे. ही बघा. कव्हरवर हळदीचे डाग आहेत. शिबिर संपलं तिथे तिने रेघ मारली आहे. आले, गेले, उरले, सगळं जुळतंय, साखरसुद्धा. प्रमाणपत्रं वाटली, गुण मिळाले, विषय संपला. मी वही कपाटात ठेवायला मागितली, तेव्हा तिने रेघेखालची नोंद दाखवली. फेब्रुवारीतली. एकटी एसटीने जाऊन आली होती. मला सांगितलंही नव्हतं.

‘पाणी गुडघ्याच्या वर. दगड कोरडे. आजी म्हणाल्या, पुढच्या वर्षी गोण्या लवकर आणा. २१० पुरत नाहीत, ३०० लागतील.’

पुढच्या वर्षी मी तीनशे नेल्या. माझ्या समाजसेवेतली माझी स्वतःची भर एवढीच.

(तिसरी चिठ्ठी.) आता मात्र बसतो. खाली चहा आहे म्हणतात. किती कप सांगितलेत, हे इथल्या ज्या पोराला माहीत असेल, त्याला जाता जाता माझ्याकडे पाठवा.