स्वस्त सुखांचें पंचांग
(नभोवाणीवरील भाषण)

बाहेरगांवचा पाहुणा घरीं आला म्हणजे चहा घेतां घेतां एक प्रश्न हमखास विचारतो : "तुमच्या गांवांत हल्लीं नवीन काय ?" आणि आपण, ह्याच गांवांत वीस-पंचवीस वर्षें राहिलेले लोक, क्षणभर निरुत्तर होतों. मग वेरूळ, अजिंठा, मकबरा आणि पाणचक्की हीं चार नांवें घाईघाईनें सांगून आपण सुटका करून घेतों. हीं स्थळें नवीन नाहींत, हें पाहुण्यालाहि ठाऊक असतें. त्याला हवें असतें तें निराळेंच. आज सायंकाळीं कोठें जावें, काय ऐकावें, काय खावें, आणि चार पैसे राखून काय विकत घ्यावें, एवढेंच त्याला जाणून घ्यावयाचें असतें. खरें पाहतां, हें पाहुण्यापेक्षां आपणांलाच अधिक ठाऊक असावयास पाहिजे.

१६१० सालीं मलिक अंबरानें खडकी येथें वसविलेलें, पुढें दीर्घकाळ औरंगाबाद म्हणून नांदलेलें आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर हें नांव धारण करणारें आपलें शहर एके काळीं दरवाजांच्या आंत मावत होतें. भडकल, दिल्ली, पैठण, मक्का, रोशन, जाफर हे दरवाजे म्हणजे त्याच्या सीमा. आज तें सिडको, गारखेडा, सातारा परिसर आणि बीड बायपास येथपर्यंत पसरलें आहे. परिणाम असा झाला कीं, गारखेड्यांतील कुटुंबास गुलमंडीची वार्ता नसते, आणि शाहगंजच्या कुटुंबास कॅनॉटमध्यें कोणतें उपाहारगृह नवें निघालें ह्याचा पत्ता नसतो. दोन्ही शहरें एकाच महानगरपालिकेस कर देतात. परंतु एकमेकांच्या घरीं जात नाहींत.

पूर्वीं दवंडी पिटली जात असे. हलगीवर थाप पडली कीं माणसें ओट्यावर येत. नंतर हस्तपत्रकें आलीं, चौकांतील फलक आले, वृत्तपत्रांतून कार्यक्रमांच्या याद्या येऊं लागल्या. आतां दवंडी थेट खिशांत आली आहे. मोबाईल उघडावा आणि शहरांतील सर्व सवलती व समारंभ डोळ्यांपुढें यावेत, अशी सोय झाली आहे. ह्या सोयीची निंदा करण्याचें मला प्रयोजन नाहीं. तथापि ह्या नव्या दवंडीवाल्यास एक खोड आहे. ज्यानें पैसे मोजले त्याचें नांव तो मोठ्यानें पुकारतो, आणि ज्यानें मोजले नाहींत त्याच्या दारावरून मुकाट्यानें पुढें जातो. बाजारांत कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईस जाहिरात परवडत नाहीं. व्याख्यान ठरविणाऱ्या चिटणिसाजवळ तेवढा निधि नसतो. म्हणून शहरांतील जें सर्वांत स्वस्त आणि जें सर्वथा मोफत, तेंच नेमकें आपल्या कानांवर येत नाहीं. ह्यावर माझा उपाय अगदीं जुना आहे. प्रत्येक घरानें आपलें स्वतःचें एक लहानसें पंचांग करावें. त्याला पांच अंगें नकोत, तीन पुरेत : वार, ऋतु आणि तारीख.

प्रथम वार घेऊं. रविवारीं जाफर गेटला आठवडी बाजार भरतो आणि गुरुवारीं छावणीचा. दोन्हींस येणारा माल बहुतांशीं आसपासच्या खेड्यांतून येतो. ज्यांनीं हा बाजार कधींच केला नाहीं त्यांना मी एवढेंच सांगेन कीं, बाजाराला जसा वार असतो तसा प्रहरहि असतो. सकाळीं निवड चांगली मिळते, सायंकाळीं भाव चांगला मिळतो. दोन्ही एकाच वेळीं मिळावीं असा हट्ट धरणारा मनुष्य रिकाम्या पिशवीनें परत येतो. आणखी एक गोष्ट. सायंकाळीं उरलेला माल परत नेण्याचें ज्यांच्या नशिबीं असतें, त्यांच्याशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करणें ह्यांत कांहीं चातुर्य नाहीं. तेथें भाव आपोआपच उतरलेला असतो.

घासाघीस करावयाची तर ती मोठ्या दुकानांतील सवलतींशीं करावी. "निम्म्या किंमतींत", "एकावर एक मोफत" असे फलक सणासुदीस निराला बाजारापासून जालना रस्त्यापर्यंत झळकत असतात. अशा वेळीं किती टक्के सूट, हा प्रश्न गौण होय. गेल्या महिन्यांत हीच वस्तु कितीला होती, हा प्रश्न मुख्य होय. ज्या घरांत वाणसामानाची व कपड्यांची वही ठेवण्याची रीत अद्याप आहे, त्या घरास सूट फसवूं शकत नाहीं. उपाहारगृहाच्या देयकांतहि शेवटच्या ओळी वाचण्याची संवय ठेवावी. उपाहारगृहानें सेवा-शुल्क आपण होऊन देयकांत जोडूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ च्या जुलैमध्यें सांगितलें, आणि २०२५ च्या मार्चमध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें तें उचलून धरलें. वाढणाऱ्यास बक्षीस द्यावयाचें कीं नाहीं हें गिऱ्हाइकानें ठरवावयाचें असतें. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. तो स्वयंपाकघरांतल्या भिंतीवर लिहून ठेवण्यास कांहींच खर्च नाहीं.

स्वस्ताई प्रामाणिक कशी असते, ह्याचा धडा आपल्याच शहरानें दिलेला आहे. हिमरू हें आपलें नांवाजलेलें वस्त्र. तें मूळचें किनखापाच्या ऐवजीं निघालें. किनखाबांत जर व रेशीम. तें सरदार-दरकदारांचें लेणें. हिमरूच्या विणकरांनीं सूत आणि रेशीम एकत्र आणून तशीच वेलबुट्टी कमी खर्चांत उठविली. म्हणजे हिमरू ही एका महाग वस्तूची स्वस्त आवृत्ति होती. परंतु ती कोणालाहि फसवीत नव्हती, आणि तिच्यांत विणकरानें आपली कला ओतली होती. आज हिमरू ह्या नांवाखालीं यंत्रमागावरचें कापडहि विकलें जातें आणि तें हातमागाच्या वस्त्रापेक्षां स्वस्त दिसतें. घेणाऱ्यानें एक साधी परीक्षा करावी. माग कोठें आहे तें दाखवा, असें दुकानदारास विचारावें. जेथें माग दाखवितात तेथें किंमत अधिक पडली तरी तो व्यवहार लाभाचा. कारण हातमागाचे विणकर आतां थोडेच उरले आहेत.

आतां ऋतु. मराठवाड्याचा हिंवाळा हुरड्याचा. ज्वारीचीं कोंवळीं कणसें शेतांतच आगटींत भाजावीं, हातावर चोळावीं, आणि चटणी, गूळ, दही यांबरोबर खावीं. हल्लीं शहराभोंवतालच्या शेतांवर माणशीं दर लावून हुरड्याचे बेत होतात. त्यांत झोके असतात, बैलगाडी असते, गाणींहि असतात. सर्व ठीक आहे ; परंतु हुरडा ज्वारीचा आणि ताजा आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, झोके मागाहून पाहावेत. उन्हाळ्यांत केशर आंबा येतो. मराठवाड्याच्या केशराला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, ही गोष्ट इतर प्रांतांच्या आंब्यांपुढें नम्र होणाऱ्या आपल्या गिऱ्हाइकांनीं लक्षांत ठेवावी. श्रावणांतल्या शनिवारीं खुलताबादच्या भद्रा मारुतीस जाणाऱ्यांची रीघ लागते. रात्रीच पायीं निघणारे पुष्कळ असतात. चालण्याचा हा सोहळा विनामूल्य आहे. पायांत बळ तेवढें हवें.

रमजानचा महिना चांद्र गणनेचा, म्हणून तो दर वर्षीं सुमारें ११ दिवस अलीकडे सरकतो, आणि कांहीं वर्षांनीं एका ऋतूंतून दुसऱ्या ऋतूंत जातो. त्या महिन्यांत सायंकाळ झाली कीं शाहगंज आणि सिटी चौकाकडील गल्ल्या खाद्यपदार्थांनीं भरून जातात. तेथील नान-खलिया हा ह्या शहराचा खास पदार्थ. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीहून राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस आणली, तेव्हां लष्कराबरोबर हें जेवण आलें, असें सांगतात. मोठ्या तंदुरांतली नान आणि मसालेदार रश्शांतलें मांस, असा हा एकाच वेळीं पुष्कळांस पुरणारा बेत आहे. राजधानी परत गेली, जेवण राहिलें. ज्यांना मांसाहार वर्ज्य आहे त्यांनीं गुलमंडीकडे वळावें. तेथील इमरतीस कोणत्याहि धर्माची वा पंथाची अडचण नाहीं.

नव्या उपाहारगृहांसंबंधीं माझा अनुभव असा कीं, उद्घाटनाच्या आठवड्यांत जाऊं नये. त्या आठवड्यांत भिंतींना रंगाचा वास असतो, गर्दीनें आचारी गांगरलेला असतो, आणि जेवणापेक्षां छायाचित्रेंच अधिक घेतलीं जातात. महिना-सव्वामहिना जाऊं द्यावा, आणि मग आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशीं दुपारीं जावें. पदार्थांची यादी लहान असेल तर तें सुचिन्ह समजावें. शंभर पदार्थ ताजे करणारा आचारी मीं अद्याप पाहिलेला नाहीं. पहिल्या खेपेस भात आणि वरण, अथवा भाकरी आणि पिठलें मागवावें. जो साधें नीट करतो तो विशेषहि नीट करील. आणि बाहेर पडतांना शेजारच्या पानवाल्यास विचारावें. तेथें कोण दुसऱ्यांदां जेवायला येतो, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें.

तिसरें अंग तारखेचें. अजिंठा सोमवारीं बंद असतो, वेरूळ मंगळवारीं. एवढी एक ओळ भिंतीवर असती तर कितीतरी पाहुणे दारावरून परत फिरले नसते. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शुल्क पडत नाहीं. अलीकडच्या वर्षांत १८ एप्रिलच्या जागतिक वारसादिनीं आणि १९ नोव्हेंबरला वारसा-सप्ताहाच्या आरंभीं सर्वांनाच शुल्क माफ केल्याचें आपण पाहिलें आहे. त्या सुमारास वृत्तपत्रांतील घोषणा पाहून घ्यावी. नवरात्रांत छावणीजवळ कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते. १४ जानेवारीस, म्हणजे १९९४ सालच्या विद्यापीठ-नामविस्ताराच्या दिवशीं, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशीं विराट समुदाय जमतो, आणि तेथें पुस्तकांचीं दुकानें मांडलेलीं असतात. स्वस्तांत चांगलें पुस्तक घेण्यास ह्याहून चांगला दिवस शोधून सांपडणार नाहीं. वेरूळ-अजिंठा महोत्सव ज्या वर्षीं भरतो त्या वर्षीं सोनेरी महालाच्या पार्श्वभूमीवर गायन व नृत्य पाहावयास मिळतें. संत एकनाथ रंगमंदिर आणि संत तुकाराम नाट्यगृह ह्यांच्या फाटकावरचे फलक येतां-जातां वाचावेत. मराठवाडा साहित्य परिषदेच्या सभागृहांत, महाविद्यालयांत, वाचनालयांत जीं व्याख्यानें होतात त्यांना बहुधा प्रवेशपत्रिका नसते.

आणि येथेंच मला मुख्य गोष्ट सांगावयाची आहे. मोफत ह्या शब्दाचे दोन अर्थ आपल्या शहरांत नांदत आहेत. एक मोफत दुकानांतलें. तें घेतांना आपला दूरध्वनि क्रमांक, जन्मतारीख आणि पत्ता लिहून घेतला जातो, आणि पुढें वर्षभर आपणांस संदेश येत राहतात. तें मोफत नव्हे. तें उसनवारीचें आहे. दुसरें मोफत पाणचक्कीचें. बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्याजवळ दूरच्या डोंगराकडून मातीच्या नळांनीं पाणी आणलें, तें उंचावरून खालीं सोडलें, आणि त्याच्या बळावर जातें फिरविलें. त्या जात्यावर फकिरांसाठीं व येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंसाठीं पीठ दळलें जात असे. भाकरी खाणाऱ्याचें नांव कोणी लिहून घेत नव्हतें. उस्मानपुऱ्याच्या गुरुद्वारांतील लंगर आज त्याच रीतीनें चालतो. पंक्तींत बसावें, वाढलें तें खावें, आणि जमल्यास चार भांडीं घासून निघावें.

ह्या दुसऱ्या प्रकारच्या मोफतासहि एक किंमत आहे, आणि ती आपल्या उपस्थितीची. दुकानाची सवलत आपण गेलों नाहीं तरी बंद पडत नाहीं. दुसरी कोणती तरी निघते. परंतु व्याख्यानास दहाच श्रोते येऊं लागले कीं पुढच्या वर्षीं वक्ता बोलावला जात नाहीं. वाचनालयांत वाचक दिसेनासा झाला कीं नव्या पुस्तकांची खरेदी थांबते. आठवडी बाजारांत शहरांतलीं गिऱ्हाइकें फिरकेनाशीं झालीं कीं खेड्यांतली बाई आपल्या जुड्या घरींच ठेवते. हीं सुखें गाजावाजा करून बंद होत नाहींत. एके दिवशीं आपण तेथें जातों, आणि तेथें कोणी नसतें.

म्हणून, श्रोतेहो, माझी सूचना लहान आहे. स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर ह्या महिन्याचे चार चौकोन खुणा करून ठेवा : एक बाजाराचा, एक व्याख्यानाचा अथवा नाटकाचा, एक नव्या खाण्याचा, आणि एक शहराच्या ज्या भागांत आपण वर्षभर गेलों नाहीं त्या भागाचा. दर वेळीं शेजारच्या एका घरास सांगून बरोबर न्या. दवंडीवाला आतां ओट्यासमोरून जात नाहीं. तेव्हां त्याचें काम थोडथोडें आपण सर्वांनींच केलें पाहिजे. पुढच्या खेपेस पाहुणा विचारील, "तुमच्या गांवांत नवीन काय ?", तेव्हां उत्तर देण्याऐवजीं त्याला पायांत चपला घालावयास सांगा, आणि बरोबर घेऊन निघा.