प्राचीन रोमचे देवधर्म आणि आपले विद्यार्थी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आपली मुले तौहीद मानणारी. त्यांनी रोमच्या देवदेवतांची माहिती कशाला घ्यावी? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देतो. माहिती घेणे म्हणजे मानणे नव्हे. अल-बिरूनी हे पक्के मुसलमान, पण इ. स. १०३० च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानातील धर्मविचारांवर ग्रंथ लिहिला. त्यासाठी ते संस्कृत शिकले. वादात जिंकण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी त्यांनी तो लिहिला. ही वाट आपलीच आहे.

शिवाय हे रोमन देव आपल्यापासून फार दूर नाहीत. फोर्टमधील हुतात्मा चौकात १८६४ साली उभारलेले कारंजे आहे. त्याच्या शिरोभागी उभी असलेली फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. परळ-लालबागच्या विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवशी ती अवश्य पाहावी. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० नंतरच्या दशकात सागरदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती सापडली. रोमन लोक त्यालाच नेपच्यून म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्यातील गलबते आपल्या किनाऱ्यावर येत. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासपुस्तिकेत कल्याण आणि सोपारा ही नावे आहेत. घरातले कॅलेंडर पाहा. जानेवारी हा दारांचा दुतोंडी देव जेनस याच्या नावाचा, तर मार्च युद्धदेव मार्सच्या. जुलै आणि ऑगस्ट ही नावे ज्युलियस सीझर आणि ऑगस्टस यांची. या दोघांनाही मृत्यूनंतर रोमच्या सिनेटने देव ठरविले.

रोमन माणसाचा धर्म हा बराचसा देण्याघेण्याचा व्यवहार होता. देवाला बळी, धूप, मद्य द्यावे आणि बदल्यात पीक, विजय, आरोग्य मागावे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातील घरांतून गृहदेवतांचे कोनाडे सापडले आहेत. चुलीची देवी वेस्टा हिचा अग्नी सहा कुमारिका अखंड तेवत ठेवीत. त्यांची सेवा ३० वर्षांची असे. विधी चुकता कामा नये, यावर सारा भर होता. मनात काय आहे, हे फारसे कोणी विचारीत नसे.

परक्यांचे देवही रोमने आपलेसे केले. इजिप्तची आयसिस, आशिया मायनरची सिबिली यांची मंदिरे खुद्द रोममध्ये होती. मग एवढ्या उदार रोमने ख्रिस्ती लोकांचा छळ का केला? कारण ते एकच ईश्वर मानीत आणि रोमच्या देवांना व सम्राटाला धूप वाहण्यास नकार देत. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसने हुकूम काढला की, प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. असे काही दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. श्रद्धेचा पुरावा सरकारी कागदावर मागितला गेला, तो हा प्रसंग.

पुढे चक्र फिरले. ३१३ साली ख्रिस्ती लोकांना उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले. ३८० साली त्यांचाच धर्म राजधर्म झाला. त्यानंतर काही वर्षांतच जुन्या देवांना बळी देण्यावर बंदी आली. काल ज्यांनी जुलूम सोसला, त्यांच्याच धर्माच्या नावाने आज दुसऱ्यांवर सक्ती होऊ लागली.

विद्यार्थी मित्रांनो, हा धडा परीक्षेपुरता नाही. बहुसंख्यांची उदारता कोठे संपते, हे रोम शिकवतो. आणि दुबळ्यांच्या हाती सत्ता आली की त्यांचीही कसोटी लागते, हेही शिकवतो. धर्मात जबरदस्ती नको, ही शिकवण आपल्याला घरीच मिळालेली आहे. ती स्वतःसाठी मागताना शेजाऱ्यालाही द्यावी लागते.

पालकांना एवढीच विनंती, की मुलांच्या हातातले इतिहासाचे पुस्तक काढून घेऊ नका. दुसऱ्यांच्या श्रद्धा जाणल्याने आपला ईमान दुबळा होत नाही. आपण तो का मानतो, हे सांगण्याचे बळ येते. मुलांनी प्रश्न विचारले, तर त्यांच्या शेजारी बसून ते पुस्तक तुम्हीही वाचा.

खुदा हाफिज.